वस्तीची यादी कशासाठी? गृह विभाग आणि पोलीस महासंचालकांना खुले पत्र

मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यातून गावोगावच्या पोलीस पाटलांना एक पत्र गेलं. हद्दीत घरफोड्या वाढल्या आहेत, सबब आपल्या गावातल्या ‘पारधी, कैकाडी व तत्सम’ वस्त्यांमधल्या पुरुषांची नावं, वयं, मोबाइल नंबर, गाडी असल्यास तिचा नंबर आणि फोटो तातडीने सादर करावेत, असा मजकूर. खाली ठाण्याचा गोल शिक्का. त्या पत्रात एकाही घरफोडीचा गुन्हा रजिस्टर नंबर नव्हता. संशयिताचं नाव नव्हतं, साक्षीदाराचा उल्लेख नव्हता. वस्तीचं नाव तेवढं होतं.

मग एका पहाटे कोंबिंग झालं. आयटीआयत वेल्डिंग शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला अंथरुणातून उठवून पत्र्याला पाठ लावून उभं केलं. समोरून फोटो, दोन्ही बाजूंनी फोटो. त्याच्या आईने विचारलं, ‘साहेब, काय केलं त्याने?’ उत्तर मिळालं, ‘काही नाही मावशी, रेकॉर्डला राहू दे.’ बोलणारा शिपाई उद्धट नव्हता. उलट तो जरा ओशाळलेलाच होता, असं ती माउली सांगते. त्याने शिवी दिली असती तर मला तक्रार लिहायला सोपं गेलं असतं.

त्या ठाण्याचं नाव मी मुद्दाम देत नाही. नाव दिलं की निरीक्षकांची बदली होईल, चौकशीचा कागद वर जाईल आणि पुढचे साहेब तोच मसुदा तारीख बदलून पुन्हा काढतील. माझं भांडण त्या मसुद्याशी आहे, आणि तो बदलायचा अधिकार आपल्याकडे आहे.

मी तालुका कोर्टात फौजदारी वकिली करते. जातीने कैकाडी आहे. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्यांना डांबायच्या वसाहतीत, वाढले. तारेचं कुंपण, दिवसाची हजेरी, गिरणीतल्या पाळीवरून परत आल्यावर पुन्हा हजेरी, नातेवाइकाच्या मयतीला जायचं तर पास. ते चोर होते म्हणून आत नव्हते, ते कैकाडणीच्या पोटी जन्मले म्हणून आत होते. तेव्हा ‘रेकॉर्डला राहू दे’ हे वाक्य मला इतरांपेक्षा जरा जास्त ऐकू येतं, एवढं आपण समजून घ्याल.

गुन्हा का घडतो याविषयी प्रत्येक ठाण्याची एक समजूत असते. ती कुठे लिहून ठेवलेली नसते, पण गस्तीचा रस्ता, नाकाबंदीत कुणाला थांबवायचं, रात्री कुणाचं दार वाजवायचं हे सगळं तीच ठरवते. आमच्याकडची समजूत दीडशे वर्षांची आहे. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तसा या मुलखात पिढीजात गुन्हेगारही असणारच, असा युक्तिवाद १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करताना मांडला गेला. गंमत पाहा : इटलीत चेझारे लोंब्रोझोने जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला तो १८७६ साली. म्हणजे युरोपात कवट्या मोजून जे ‘सिद्ध’ व्हायचं होतं, ते इथे पाच वर्षं आधीच कायदा होऊन बसलं होतं. लोंब्रोझोला त्याच्या हयातीतच विरोधक भेटले आणि पुढे त्याचं शास्त्र मोडीत निघालं. आमच्या बाबतीत १८९७ ची दुरुस्ती आली आणि चार वर्षांच्या पोरालाही आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवता येऊ लागलं. मग १९११ चा कायदा आला, १९२४ चा आला.

कारण शोधायचंच होतं तर ते डोळ्यांसमोर होतं. बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहून नेणारे तांडे या देशाचा बाजार चालवत होते. रेल्वे आली, मिठावर सरकारी मक्तेदारी आली, कुरणं आणि जंगलं राखीव झाली. धंदा बुडाला. ज्यांचा बुडाला ते रस्त्यावर दिसू लागले, आणि रस्त्यावर दिसणारा माणूस साहेबाला संशयित वाटू लागला. माणसाला मानाने जगण्याचं उद्दिष्ट दाखवायचं आणि तिथे पोचायच्या वाटा बंद करायच्या, यातून गुन्ह्याकडे ढकल बसते, असं रॉबर्ट मर्टनने अमेरिकेत १९३८ साली लिहिलं. आमच्या कुठल्याही म्हाताऱ्याने त्याला ते आधीच सांगितलं असतं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला, आणि आधीच्या कायद्यातली नोंदणी, बोटांचे ठसे, हालचालींवर निर्बंध ही सामग्री त्यात आली. एक फरक मात्र मोठा होता, तो मी प्रामाणिकपणे नोंदवते : नव्या कायद्याला जात चालत नाही. पाच वर्षांच्या अवधीत किमान तीन वेळा तुरुंगवासाची शिक्षा झालेला माणूसच त्यात बसतो. शिक्षा, अटक नव्हे. कागदावर हे वाईट नाही. प्रत्यक्षात काय होतं ते कोणत्याही जिल्ह्याच्या एलसीबीची, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेची, प्रेस नोट उघडून पाहावं. ‘सराईत टोळी जेरबंद’, आणि खाली उकिडवे बसवलेले चार जण, मागे अधिकारी उभे. त्या चौघांपैकी किती जणांना आयुष्यात एकदा तरी शिक्षा झाली आहे, हे त्या नोटेत कधीही नसतं.

आता माझ्या तक्रारी सांगते. सगळ्यांत मोठी तक्रार आधी, कारण ती कोर्टाबाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नाही.

मुलगा एका चोरीत पकडला जातो. खरा असेल, खोटा असेल, तो भाग वेगळा. पोलीस कोठडी संपत आली की शेजारच्या ठाण्याचं पथक येतं आणि त्यांच्याकडच्या उघडकीस न आलेल्या घरफोडीत त्याला वर्ग करून घेतं. तिथून तिसरं ठाणं. प्रत्येक ठिकाणी निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने सांगितलं म्हणून माल सापडला असा कागद, तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. मुद्देमाल म्हणून त्याच्या आजीच्या हातातले चांदीचे गोठ जप्त होतात. मी ते सोडवायला अर्ज करते, तर विचारणा होते की पावती आहे का. चाळीस वर्षांपूर्वी आठवडी बाजारात घेतलेल्या गोठांची पावती सरकारी वकिलांच्या आजीकडे तरी असेल का, असा प्रश्न माझ्या जिभेवर येतो, तो मी गिळते. या सगळ्यात तीन ठाण्यांचे गुन्हे ‘उघडकीस’ येतात आणि तीन तक्ते सुधारतात.

पुढे चार-पाच वर्षांनी बहुतेक खटल्यांत काही सिद्ध होत नाही. पण तोवर त्या मुलाचा दाखला तयार झालेला असतो : ‘याच्यावर अमुक ठिकाणी अमुक इतके गुन्हे दाखल.’ त्या आकड्यावर जामीन नाकारला जातो. चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून घेण्याची कारवाई, होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली तडीपारीचा प्रस्ताव जातो, दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर. आयटीआय सुटतं, काम सुटतं.

नव्या संहितेने तर यावर आणखी एक कुलूप लावलं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला की त्याला सोडावं. चांगली तरतूद आहे, तिचं स्वागत झालं. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं, एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. म्हणजे वर्ग करून घेण्याच्या एका कागदाने मुलगा दोनदा कापला जातो. एकदा ‘सराईत’ म्हणून, आणि एकदा ‘पहिला गुन्हा’ या सवलतीतून बाहेर म्हणून. वस्तीत सातबारावाला जामीनदार मिळत नाही तो भाग आणखी निराळा.

हॉवर्ड बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली सांगितलं की एखाद्यावर गुन्हेगार असा शिक्का बसला की पुढची सगळी माणसं, संस्था त्याच्याशी त्या शिक्क्यानुसार वागतात, आणि बाकीच्या वाटा मिटत जाऊन तो शिक्का खरा होत जातो. हे शिक्का बसलेल्या एका माणसाबद्दल झालं. आपल्याकडे शिक्का अख्ख्या वस्तीवर आहे. गस्त वस्तीवर, म्हणून पकडापकडी वस्तीत. पकडापकडी वस्तीत, म्हणून रेकॉर्ड वस्तीचं. रेकॉर्ड वस्तीचं, म्हणून गस्त वस्तीवर. या चक्रात समजूत खोटी ठरण्याची सोयच ठेवलेली नाही. मी एकदा तपासी अंमलदारांना उलटतपासात विचारलं, ‘घटनास्थळी ठसे नाहीत, ओळख परेड नाही, मग आपण याच आरोपीकडे कसे पोचलात?’ उत्तर आलं, ‘त्या समाजाचे लोक असे गुन्हे करतात, म्हणून.’ शपथेवर, शांतपणे. मी न्यायाधीशांना ते वाक्य जसंच्या तसं नोंदवायची विनंती केली. अंमलदारांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

एडविन सदरलँडने १९३९ साली त्याच्या देशातल्या समाजशास्त्रज्ञांसमोर उभं राहून विचारलं होतं की गुन्हा जर गरिबीतून आणि बिघडलेल्या वस्तीतून येतो, तर बड्या कंपन्यांचे साहेब कायदा मोडतात ते कशातून? १९९२ चा शेअर घोटाळा झाला तेव्हा दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या इमारतींत पहाटे कोंबिंग केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. करायलाही नको होतं. तिथे कागदपत्रं तपासली गेली, व्यवहार जुळवले गेले, ज्यांच्याविरुद्ध पुरावा होता त्यांच्यावर खटले झाले. आम्हाला तेवढंच हवं आहे.

मला ठाऊक आहे की घरफोडी झालेल्या माणसाचं दुःख खोटं नसतं. मुलीच्या लग्नाचं सोनं गेलेली बाई माझ्याच चुलतबहिणीच्या शेजारी राहते. तिला चोर हवा आहे. तिला वस्तीतला कोणीतरी नको आहे. आणि इथेच आपल्या खात्याने विचार करावा असं एक प्रकरण महाराष्ट्राच्याच नावावर आहे.

जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे तो निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकली गेली, आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जण निर्दोष असल्याचं सांगितलं. वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून सुरुवातीलाच वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, त्यांच्यामागे तपास गेलाच नाही, हे न्यायालयाने नोंदवलं. आरोपी तळागाळातल्या भटक्या समाजाचे असल्यामुळे त्यांना गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असंही म्हटलं. सहा जणांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं तुरुंगात, आणि भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपल्या भाषेतली म्हण आहे. ती इतकी शब्दशः खरी होता होता राहिली. आणि त्या झोपडीतल्या मेलेल्या माणसांना काय मिळालं? त्यांना कुणी मारलं हे शोधण्याची वेळ वस्तीकडे बोट दाखवण्यात निघून गेली. शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणातून कमी आणि ती नक्की होईल या खात्रीतून जास्त बसतो, हे चेझारे बेक्कारियाने १७६४ साली लिहून ठेवलंय, आणि प्रत्येक पोलीस अधिकारी हे अनुभवाने जाणतो. हाताशी असलेला माणूस उचलला की खऱ्या गुन्हेगाराची ती खात्री आपण स्वतःच काढून घेतो. तो मोकळा आहे आणि आपल्याला कुणी शोधत नाही, हेही त्याला कळलेलं असतं.

दुसरी तक्रार गावाबद्दल आहे, पण तिचं मूळ पुन्हा ठाण्यात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, त्यातले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सअॅपवरची अफवा त्याला कारण झाली. अफवा फोनवर फिरली हे खरं, पण अनोळखी भटक्या म्हणजे चोर ही समजूत फोनवर आलेली नव्हती. पोलीस पाटलाला शिक्क्याचं पत्र येतं की अमुक जातीच्या पुरुषांची यादी द्या, तेव्हा गाव त्यातून काय शिकतं? पत्र गोपनीय असतं म्हणे. आमच्या तालुक्यातलं पत्र संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या दोन बायकांना कांदा काढायच्या कामावरून परत पाठवलं.

भिक्षेचा विषय निघालाच आहे तर : १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ दाखवणं हेसुद्धा भीक या व्याख्येत बसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातल्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. आपला कायदा दिल्लीने मोडीत काढला, याची आपल्याला थोडी तरी चुटपुट लागायला हवी.

तिसरी गोष्ट यंत्रांची. २०२२ च्या ओळख कायद्याने अटक झालेल्याचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद ७५ वर्षं ठेवता येते. एकोणिसाव्या वर्षी घेतलेली नोंद चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत. निर्दोष सुटल्यावर आणि सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर ती पुसण्याची तरतूद आहे. ती आपोआप पुसली जावी अशी यंत्रणा असेल तर माझ्या अशिलांना तिचा एखादा कागद मिळायला हवा, आजवर एकालाही मिळालेला नाही. वर सांगितलेल्या मुलाला तर अटकच नव्हती, त्यामुळे त्याचे ते तीन फोटो कोणत्या कायद्याखाली काढले आणि ते कुणाच्या मोबाइलमध्ये आहेत, हा प्रश्न उरतोच. त्यातच शासनाने २०२४ साली नागपूरच्या आयआयएमला सोबत घेऊन पोलिसांसाठी ‘मार्वल’ ही यंत्रणा उभी केली. कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासाला मदत होणार, गुन्ह्यांचा अंदाजही बांधता येणार, असं सांगितलं जातं. तपासाला मदत होत असेल तर मला आनंद आहे. पण अंदाज बांधायला यंत्राला जुनं रेकॉर्ड खायला द्यावं लागतं. ते रेकॉर्ड गस्तीने तयार केलंय, आणि गस्त वस्तीवर होती. १८७१ ची समजूत यंत्रातून बाहेर पडली की तिला जात चिकटलेली दिसणार नाही. फक्त नकाशावर एक लाल ठिपका दिसेल, आणि तो आमच्या पत्र्यांवर असेल. मग मी उलटतपास कुणाचा घेऊ?

यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयानेच सांगून झालं आहे. ७ मे २०२४ च्या दिल्लीतल्या हिस्ट्रीशीटच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की हिस्ट्रीशीट, म्हणजे ठाण्याने एखाद्या माणसावर नजर ठेवण्यासाठी उघडलेली नोंद, हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर आणायचा नाही. विमुक्त जातींमधल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहाने त्यात जातात, म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरावीक काळाने तपासणी करावी, आणि सगळ्या राज्यांनी आपली पद्धत पुन्हा पाहावी. त्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीभेद रद्द केला. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. ‘सराईत’ या शब्दाचा वापर विमुक्तांना लक्ष्य करण्यासाठी झाला आहे हे मान्य केलं, आणि विमुक्त जमातीच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पाहण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. आमच्या तालुक्यातलं ते पत्र या दोन्ही निकालांनंतरचं आहे.

भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांवरच्या बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा. त्यानंतर भिकू इदाते आयोग झाला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ साली भारताला सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करायला सांगितलं. अहवालांची कमतरता आम्हाला कधीच नव्हती. १९९८ साली पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमुक्त जमातीतला बुधन सबर कोठडीत मारला गेला आणि देशभरच्या विमुक्तांची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी आपल्या बारामतीतही एक पारधी माणूस पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्यानंतर जन्मलेली मुलं आज पोलीस भरतीला उभी राहतात. हो, आमच्यातली मुलं भरतीला उभी राहतात, मैदानावर धावतात, आणि चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात गेला की अडकतात.

तेव्हा मागण्या. आपल्या अधिकाराबाहेरचं यात काही नाही.

जात किंवा वस्ती हा आधार धरून माहिती मागवणारी पत्रं यापुढे कुठल्याही ठाण्यातून निघणार नाहीत, असं परिपत्रक काढावं, आणि आधी जमवलेल्या याद्या, फोटो नष्ट करून तसं ग्रामपंचायतीला लेखी कळवावं. परिपत्रक मराठीत असावं आणि ठाण्याच्या दर्शनी भागात लागावं, म्हणजे वस्तीतल्या माणसाला ते बोट ठेवून दाखवता येईल.

प्रत्येक जिल्ह्यातल्या हिस्ट्रीशीट्सची तपासणी करावी. शिक्षेचा आधार नसलेल्या नोंदी बंद कराव्यात. किती उघडल्या होत्या, किती बंद केल्या, त्यातल्या विमुक्त-भटक्या समाजातल्या माणसांच्या किती, हे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. नावं नकोत, आकडे हवेत.

आरोपीला दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग करून घ्यायचं तर त्या गुन्ह्यातला स्वतंत्र पुरावा काय, हे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी लेखी नोंदवल्याशिवाय परवानगी देऊ नये. आणि ज्या ठाण्याने असा गुन्हा ‘उघडकीस’ दाखवला, त्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, तर तो गुन्हा त्या ठाण्याच्या तक्त्यात पुन्हा उघडकीस न आलेला म्हणून मोजावा. माझ्या सगळ्या मागण्यांत ही एक मान्य झाली तरी बाकीच्या निम्म्या आपोआप सुटतील असं मला वाटतं, कारण तक्ता हीच खरी गोष्ट आहे. शिपायाला वस्तीत पाठवते ती तक्त्याची घाई.

प्रेस नोटमध्ये जातीचा, जमातीचा उल्लेख नको. शिक्षा झालेली नसेल तर ‘सराईत’ नको. उकिडवं बसवून फोटो नको.

नाशिकच्या पोलीस अकादमीत आणि सर्व प्रशिक्षण केंद्रांत गुन्हेगारी का घडते हा विषय शिकवताना १८७१ ते १९५२ चा इतिहास शिकवावा, २००३ च्या नाशिकच्या प्रकरणाचा तपास कुठे चुकला हे पाठ म्हणून शिकवावं, आणि ते शिकवायला विमुक्त समाजातले वकील, शिक्षक, निवृत्त पोलीस यांना बोलवावं. मानधन नसलं तरी मी येईन. बसभाडं द्यावं लागेल.

‘मार्वल’ला कोणतं रेकॉर्ड पुरवलं जातं, त्यात शिक्षा न झालेल्या माणसांच्या नोंदी आहेत का, हे बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, आणि त्या तपासणीचा अहवाल विधिमंडळात ठेवावा. वस्ती किंवा परिसर ‘संभाव्य’ ठरवणारा कुठलाही वापर त्याआधी सुरू करू नये.

सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा रद्द करण्याचं विधेयक गृह विभागाने आणावं. भीक प्रतिबंधक कायदाही त्याच पिशवीत घालावा. वारंवार गुन्हे करणाऱ्याला जास्त शिक्षा द्यायला नव्या संहितांमध्ये पुरेशी कलमं आहेत, ती मी रोज माझ्या अशिलांविरुद्ध वापरली जाताना पाहते.

या पत्राच्या प्रती राज्य मानवी हक्क आयोगाला आणि आमच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला पाठवत आहे. त्या यादीच्या पत्राची छायाप्रत आपल्याला पाठवलेल्या प्रतीला जोडली आहे, ठाण्याचं आणि माणसांची नावं झाकून. मूळ प्रत आपल्या कार्यालयातल्या जबाबदार अधिकाऱ्याने मागितली तर मी स्वतः आणून दाखवीन. उत्तर लेखी द्यावं ही विनंती.

आपली,
एक फौजदारी वकील,
तालुका न्यायालय, सोलापूर जिल्हा